युरियाच्या चुंगडीवर बसून

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडईचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, जिलेबीची दुकानं, लेकीबाळींची आणि पाव्हण्यांची वर्दळ; रात्री मंडपात नाटक. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यात माझ्या मामाचं गाव आहे. गेल्या मंडईला तिथे नाटकाला बसलो होतो. खाली अंथरायला युरियाची रिकामी चुंगडी, म्हणजे गोणी. धानकापणीच्या हंगामात अशा चुंगड्यांना घरोघरी शंभर कामं असतात, त्यातलं हे एक.

रंगमंचाच्या मागे, तट्ट्याच्या आड, डिझेलचा जनरेटर धडधडत होता. नायिकेचा नवरा तिला सोडून चालला होता आणि नेमक्या त्या वेळी जनरेटरला खोकला आला. दिवे मंदावले, नायिका रडायची थांबली, पुन्हा उजेड आला तशी पुन्हा रडू लागली. कोणी हसलं नाही. सगळ्यांना सवय आहे. वारा आमच्या बाजूला फिरला की डिझेलचा धूर थेट नाकात.

तेव्हा मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबू, थ्या गडकरीसायबाच्या गाडीच्या मांगून धूर नाई, पानीच निंगते म्हन्तेत. खरं हाय का?"

गाडी खरी आहे. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी 'टोयोटा मिराई' नावाच्या हायड्रोजनवरच्या मोटारीतून संसदेत गेले होते आणि ती दृश्यं घरोघर दिसली होती. जपानीत मिराई म्हणजे भविष्य. मागच्या नळीतून पाणी निघतं हेही खरं. पण मामाला नुसतं 'हो' म्हणून गप्प बसणं मला पटेना. नळीतल्या पाण्याकडे बघताना पुढच्या टाकीतला हायड्रोजन कुठून आला, हे विचारायचं राहून जातं. दुसरं म्हणजे, हायड्रोजन हा काही मामाच्या गावाला नवा पाहुणा नव्हता. मामा बसला होता त्याच चुंगडीतून तो दरवर्षी येत होता.

हिशेब सोपा आहे, अकरावीच्या रसायनशास्त्राचा. युरिया करायला अमोनिया लागतो, अमोनियाला नायट्रोजन आणि हायड्रोजन. नायट्रोजन हवेत फुकट आहे. हायड्रोजन बनवावा लागतो. साठ किलो युरियामागे सहा किलो हायड्रोजन खर्ची पडतो, म्हणजे वजनाच्या दहा टक्के. युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची. तेव्हा एका चुंगडीमागे साडेचार किलो हायड्रोजन. मिराईच्या टाकीत ५.६ किलो मावतो आणि तेवढ्यात ती ६५० किलोमीटर जाते असं कंपनी सांगते. रोवणी झाली की मामा धानाच्या बांधीत ज्या चुंगड्या फेकतो, त्यातल्या एकेका चुंगडीच्या हायड्रोजनवर ती मोटार पाचशे किलोमीटर पळाली असती.

हा हायड्रोजन स्वच्छ मात्र नाही. आपल्या देशात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातला युरियाही वायूवरच बनतो. मिथेन आणि वाफ यांना तापल्या नळ्यांत एकत्र आणायचं, हायड्रोजन वेगळा काढायचा, उरतो तो कार्बन डायऑक्साइड. एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो. एका चुंगडीला चाळीस-पंचेचाळीस किलो, म्हणजे जवळजवळ चुंगडीच्याच वजनाइतका. त्यातला बराचसा युरिया बनवतानाच पुन्हा वापरला जातो, पण तो युरियात बांधला जाऊन बांधीत येतो आणि तिथे मोकळा होतो. धुराची नळी कारखान्यात दिसत नसली तरी ती बांधीत उघडते.

म्हणून या लेखात मोटारीपेक्षा चुंगडीबद्दलच अधिक बोलायचं आहे. हायड्रोजनचं नाव निघालं की आपण रस्त्याकडे बघतो. मला वाटतं, भंडाऱ्यात उभं राहून बघायचं तर आधी बांधीकडे आणि भट्टीकडे बघावं.

*

आधी ते यंत्र समजून घेऊ, ज्यातून पाणी निघतं. त्याला फ्युएल सेल म्हणतात, मराठीत इंधनघट. ते समजायला भंडाऱ्याच्या माणसाला लांब जायची गरज नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे 'मॉईल' या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात मँगनीज डायऑक्साइड भरपूर, आणि ते जातं टॉर्चच्या सेलमध्ये. विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढायचा एक कारखानाही मॉईलने तिथेच उभारला.

लहानपणी आम्ही संपलेले सेल दगडाने फोडायचो. वरची पत्र्याची टोपी निघाली की मध्ये काळी कांडी, तिच्याभोवती ओलसर काळी भुकटी, बाहेर जस्ताचा डबा. कांडीने भिंतीवर नावं लिहायची आणि मग मार खायचा. ती भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. जस्त आपले इलेक्ट्रॉन सोडतं, भुकटी ते घेते, आणि मधल्या वाटेत टॉर्चचा दिवा लागतो. डब्यातलं जस्त आणि भुकटी झिजली की सेल मेला. जेवढी शिदोरी बांधून दिली तेवढंच जेवण.

इंधनघटात शिदोरी आत बांधलेली नसते. एका बाजूने हायड्रोजन येत राहतो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. मध्ये पातळ पापुद्रा, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा हलका थर. प्लॅटिनमपाशी हायड्रोजनचे दोन भाग होतात. प्रोटॉन पापुद्र्यातून आरपार जातो. इलेक्ट्रॉनला तो पापुद्रा वाट देत नाही. त्याला तारेतून वळसा घालून पलीकडे जावं लागतं, आणि तो वळसा म्हणजेच वीज. पलीकडे ऑक्सिजन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन भेटले की पाणी. काही जळत नाही, ज्योत नाही, हलणारा दट्ट्या नाही. एका घटाचा दाब काम करताना व्होल्टपेक्षा कमीच असतो, म्हणून शेकडो घट पाटवड्यांसारखे एकावर एक रचतात.

विल्यम ग्रोव्ह या वेल्समधल्या गृहस्थाने ही युक्ती १८३९ मध्येच मांडली होती. पेशाने तो वकील. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं ही गोष्ट प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होती. पुढे अपोलो यानांत तिला मोठं काम मिळालं. चंद्राकडे जाणारी माणसं याच घटांतून निघालेलं पाणी प्यायची. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीबरोबर हे घट देशी बनावटीचे करायचा प्रयत्न केला. २१ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांची इंधनघटावरची बस पुण्यात लोकांपुढे आली.

आता मंडईचा जनरेटर. नाटकाला रात्रभर सरासरी दहा किलोवॉट वीज लागते असं धरा. आठ तासांचे ऐंशी युनिट. डिझेल जाईल पंचवीसेक लिटर. इंधनघटाला एक किलो हायड्रोजनमधून सोळा-सतरा युनिट काढता येतात, म्हणजे पाचेक किलो हायड्रोजन पुरे. पुन्हा एक चुंगडीभर, थोडा वरच! धडधड नाही, धूर नाही, नायिकेला मनसोक्त रडता येईल. घोडं कुठे अडतं? हायड्रोजन इतका हलका की बाजारात मिळणाऱ्या पोलादी सिलिंडरमध्ये जेमतेम अर्धा किलोच्या वर थोडा मावतो. त्या सिलिंडरचं वजन माणसाएवढं. एका रात्रीच्या नाटकाला असे आठ-नऊ सिलिंडर बैलगाडीत घालून आणावे लागतील. पाच किलो वायूसाठी पाच क्विंटल लोखंड. पेट्रोल-डिझेलचं माणसावर जे राज्य आहे ते उगाच नाही. ते कॅनमध्ये येतं.

*

भंडाऱ्याहून कारध्याचा पूल ओलांडून लाखनीकडे निघालं की गडेगावजवळ अशोक लेलँडचा कारखाना लागतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो तिथे आहे आणि ट्रकचे गिअरबॉक्स हा त्याचा मुख्य धंदा. महामार्गावर थांबून रायपूरकडे जाणारे ट्रक मोजत बसलो तर मनात विचार येतो, यातल्या किती जणांच्या पोटात गडेगावचा गिअरबॉक्स असेल!

हायड्रोजनच्या गोष्टीत या गिअरबॉक्सला महत्त्व आहे. ट्रकमध्ये हायड्रोजन दोन तऱ्हांनी वापरता येतो. एक, इंधनघटातून वीज करून मोटर फिरवायची. मोटरला मुळातच सुरुवातीपासून जोर असतो, त्यामुळे एवढा भलाथोरला गिअरबॉक्स तिला लागत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे इंजिन तेच ठेवून त्यात डिझेलऐवजी हायड्रोजनच जाळायचा. इंजिन राहतं, क्लच राहतो, गिअरबॉक्स राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूच्या 'इंडिया एनर्जी वीक'मध्ये अशोक लेलँड आणि रिलायन्सने असा जळणाऱ्या हायड्रोजनचा ट्रक मांडला. त्याच्या महिनाभर आधी याच अशोक लेलँडने अदानी समूह आणि कॅनडाच्या बॅलार्ड कंपनीबरोबर इंधनघटाच्या खाण-ट्रकचा करार केला होता. म्हणजे कंपनीने दोन्ही दगडांवर पाय ठेवले आहेत. हायड्रोजन जाळणारं इंजिन कमी कार्यक्षम, आणि हवेतल्या नायट्रोजनमुळे त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडंही निघतात. पण लाखनी-साकोलीच्या ज्या घरांची चूल गिअरबॉक्सवर पेटते, त्यांनी या इंजिनवाल्या ट्रकच्या बाजूने कौल दिला तर मला त्यात नवल वाटणार नाही.

१० मे २०२५ रोजी छत्तीसगडात रायगढ जिल्ह्यातल्या गारे पेल्मा कोळसाखाणीसाठी अदानींचा हायड्रोजन ट्रक सुरू झाला. चाळीस टनांपर्यंत माल आणि दोनशे किलोमीटरची मजल असं त्याचं वर्णन आहे. दोनशे किलोमीटर म्हणजे नागपूरहून निघालेला ट्रक राजनांदगावच्या थोडा अलीकडे थांबेल. आणि तो वाहतो काय? कोळसा. मी ही बातमी दोनदा वाचली. स्वच्छ इंधनाचा ट्रक कोळसा वाहतोय, यावर हसावं की नाही ते वाचकांनी ठरवावं. खाणीवर रस्ता ठरलेला असतो, टाकी भरायची जागा ठरलेली असते, म्हणून पहिला प्रयोग तिथे होणं बरोबरच आहे.

लहान गाड्यांचं काय? तिथे मला शंका नाही. सौरपट्ट्यांतून आलेले शंभर युनिट बॅटरीत घातले तर सत्तर-ऐंशी चाकापर्यंत पोचतात. तेच शंभर युनिट खर्चून पाण्यातून हायड्रोजन काढा, दाबून भरा, इंधनघटातून परत वीज करा, तर चाकाला मिळतात तीसेक. बाकीची वाटेत सांडतात. ज्या जिल्ह्यात शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून माणसं टॉर्च घेऊन बांधीत जातात, तिथे सत्तर युनिट सांडायची चैन परवडायची नाही. स्कूटर, रिक्षा, मोटारी बॅटरीवर चालाव्यात. आगगाडीलाही गरज नाही. वरठीचं भंडारा रोड स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे आणि तिथे वरून तार जाते. जिथे तार आहे तिथे टाकी कशाला?

स्फोटाची भीती मात्र खोटी म्हणून उडवून लावता येत नाही, विशेषतः इथे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्यासमोर हायड्रोजनचा 'ह' काढला तरी चेहरे बदलतात. त्या दुर्घटनेचा हायड्रोजनशी काही संबंध नव्हता, पण शास्त्र काय सांगतं तेही लपवू नये. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळला तर तो पेट घेऊ शकतो. त्याला अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते. दिवसा त्याची ज्योत नीट दिसतही नाही. त्याच्या बाजूने एवढंच की तो फार हलका, उघड्यावर फुटला तर क्षणात वर निघून जातो, स्वयंपाकाच्या गॅससारखा जमिनीवर रेंगाळत नाही. छत जितकं उंच आणि हवेशीर तितका तो बिनधोक. कोंडलेल्या खोलीत तो कोणाचाच सगा नाही.

*

वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला तिथे स्पंज आयर्न आणि पोलाद निघू लागलं आणि भंडारा जिल्ह्याला पोलादाच्या भट्टीची झळ लागली. त्याआधी आमची धातूची ओळख पितळेची. भंडाऱ्याचे तांबट भांडी ठोकत, त्यावरून शहराला पितळनगरी म्हणत. हायड्रोजनची खरी परीक्षा माझ्या मते अशाच भट्टीत आहे.

खनिज लोखंड म्हणजे लोखंडाला घट्ट चिकटलेला ऑक्सिजन, म्हणजे एक प्रकारचा गंजच. तो ऑक्सिजन ओढून घ्यायला कोणीतरी लागतो. हजारो वर्षं ते काम कोळशाने केलं. कोळशातला कार्बन ऑक्सिजनला घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेला. स्पंज आयर्नमध्ये खनिज वितळवत नाहीत. फिरत्या लांबलचक भट्टीत कोळशाबरोबर तापवून त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतो तो सच्छिद्र लोखंडाचा गोळा. असं लोखंड काढण्यात भारत जगात पहिला आहे, आणि त्यातलं बहुतेक कोळशावर निघतं. इथे कोळसा नुसतं इंधन नाही. तो ऑक्सिजनला पळवून नेणारा गडी आहे. म्हणून सौरवीज कितीही स्वस्त झाली तरी ती कोळशाची जागा सरळ घेऊ शकत नाही. हायड्रोजन घेऊ शकतो. तोही ऑक्सिजनला ओढतो, आणि उडून जाते ती वाफ.

स्वीडनमध्ये 'हायब्रिट' प्रकल्पाने २०२१ मध्ये हे करून दाखवलं आणि त्या लोखंडाचं पोलाद व्होल्वोच्या गाडीत गेलं. आपल्या पोलाद मंत्रालयानेही २०२४ मध्ये तीन प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले. वरठीच्या बाबतीत असं काही ठरलं आहे असं कोणी समजू नये. मी फक्त कागदावर वरठीच्या अंगणात बेरजा मांडतो आहे.

एक टन लोखंडाला चोपन्न किलो हायड्रोजन लागतो. वर्षाला एक लाख टन लोखंड धरा. हायड्रोजन लागला ५,४०० टन. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट वीज, म्हणजे झाले सत्तावीस कोटी युनिट. आमच्या उन्हात एक मेगावॉटच्या सौरपट्ट्या वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट देतात, तेव्हा १८० मेगावॉट हवेत. मेगावॉटला चार-पाच एकर जमीन. सातशे ते नऊशे एकर.

पाण्याचा हिशेब केला तर उलट चित्र दिसतं. किलोला नऊ लिटर पाणी रसायनशास्त्र मागतं. गाळणं, थंड करणं धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. वर्षाला दहा-पंधरा कोटी लिटर झालं. ऐकायला प्रचंड. पण गोसीखुर्दच्या धरणाची साठवण क्षमता ११४६ दशलक्ष घनमीटर आहे आणि हे सारं पाणी त्याच्या दहा हजारांत एक हिश्शाच्या आसपास बसतं. पाण्यावरून जे लोक हायड्रोजनला विरोध करतात त्यांनी निदान वैनगंगेच्या काठी तरी तो करू नये. इथे पाण्याची अडचण वेगळीच आहे. हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी लागतं, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरतं. कारध्याच्या पुलावरून खाली बघा, हिरवी जलपर्णी दिसली की समजायचं. भंडाऱ्याची माणसं ते पाणी गाळून पितात. यंत्र त्याहून नखरेल.

तेव्हा अडचण पाण्याची नाही, जमिनीची आहे. आणि जमिनीचं नाव काढलं की साकोली तालुक्यात लोक मुंडीपारकडे बोट दाखवतात. तिथे २०१३ मध्ये केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रफुल्ल पटेल यांच्या काळात 'भेल'च्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. सौरपट्ट्या तिथे बनायच्या होत्या. शेतं गेली, प्रकल्प उभा राहिला नाही. गोसीखुर्दची पायाभरणी राजीव गांधींनी एप्रिल १९८८ मध्ये केली. तेव्हाचा खर्च ३७२ कोटींचा होता, पुढे तो हजारो कोटींत गेला आणि गावंच्या गावं पाण्याखाली जाऊन पुनर्वसनाच्या रांगेत उभी राहिली. एवढं पाहिलेल्या जिल्ह्याकडे नऊशे एकर मागायचे तर नुसतं 'हरित' म्हणून भागणार नाही. कोणी म्हणतात पट्ट्या तलावांवर तरंगत ठेवा. भंडारा तलावांचा जिल्हा खरा, पण त्या मालगुजारी तलावांत ढिवर बांधवांची मासेमारी आहे. पाण्यावर सावली पडली तर जाळ्याचं काय, हे त्यांना आधी विचारावं लागेल.

आणि भाव. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी इंडियन ऑइलला हरित हायड्रोजनचा जो दर मिळाला तो किलोला ३९७ रुपये. या दराने एक टन लोखंडाचा हायड्रोजनच एकवीस हजारांच्या वर जातो. खनिज, मजुरी, भट्टी सगळं वेगळं. हायड्रोजनसाठी कोळशाची फिरती भट्टी चालत नाही, तिच्या जागी उभी भट्टी बांधावी लागते, तो खर्च आणखी निराळा. कोळसा अजून बराच काळ वरठीच्या यार्डात उतरत राहील, हे लिहायला वाईट वाटतं, पण आकडे तसंच सांगतात.

*

आता पुन्हा चुंगडी. याच दराने एका चुंगडीतल्या साडेचार किलोचे होतात जवळपास १,७९० रुपये. मामाला चुंगडी मिळते २६६ रुपये ५० पैशांना. मधली दरी सरकार आजही भरतंच. हरित युरिया झाला तर ती आणखी खोल होईल.

पाण्यातून हायड्रोजन काढून खत करणं हे स्वप्न नाही, आपण ते एकदा केलेलं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पंजाबात नांगल इथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढत आणि त्याचं खत करत. आजच्या व्याख्येत ते हरित हायड्रोजनच. पुढे विजेला दुसरी गिऱ्हाइकं आली, नांगललाही तेल आणि मग वायू आला. साठ वर्षांनी आपण फिरून त्याच दारात उभे आहोत. ४ जानेवारी २०२३ ला केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचं उद्दिष्ट ठेवून. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचं धोरण आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचा पहिला लिलाव झाला तेव्हा किलोला ५५ रुपये ७५ पैसे भाव निघाला. वर्षभरापूर्वीच्या युरोपातल्या लिलावात तोच शंभरावर होता. हे मात्र खरोखरच उत्साह वाटण्यासारखं आहे.

पण त्यात एक मेख आहे, जी घोषणांत सहसा येत नाही. हा हरित अमोनिया डीएपीला चालतो, मिश्रखतांना चालतो. युरियाला एकट्याने चालत नाही. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, चुंगडीमागे तेहतीस किलो. वायूवर चालणाऱ्या कारखान्यात तो आपोआप हाताशी असतो. पाणी फोडून हायड्रोजन काढला की कार्बन उरतच नाही. स्वच्छतेचा हा असा उलटा फटका.

मग धानाच्या जिल्ह्यात एक गोष्ट सुचते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. दासप्पा यांच्या गटाने जैवभारापासून हायड्रोजन काढायची पद्धत बसवली आहे. वाळलेला काडीकचरा ऑक्सिजन आणि वाफेबरोबर तापवून त्याचा वायू करायचा आणि त्यातून हायड्रोजन गाळून घ्यायचा. एक किलो जैवभारातून शंभर ग्रॅम हायड्रोजन मिळतो असं ते सांगतात. काडीत मुळात साठच ग्रॅम असतो. उरलेला वाफेतून येतो. पुन्हा तोच दहा टक्क्यांचा आकडा! पंचेचाळीस किलो वाळल्या काडीतून साडेचार किलो हायड्रोजन, म्हणजे पंचेचाळीस किलो युरियाला लागतो तेवढा. आणि काडीतला कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, तो तेहतीस किलोंहून कितीतरी जास्त. युरियाला हव्या त्या दोन्ही गोष्टी एकाच चुलीवर. चुंगडीला चुंगडी.

हा जुळून आलेला आकडा मी वहीत दोनदा तपासला, आणि मग स्वतःलाच आवरलं. काडी म्हणजे कुठली? आमच्याकडची तणस पंजाबातल्यासारखी वाऱ्यावर सोडलेली नाही; ती गुरांच्या दावणीला जाते. राइस मिलचं तूस उष्ण्या तांदळाच्या बॉयलरमध्ये जातं. शिवाय तुसाची राख त्याच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के आणि राखेत नव्वदेक टक्के सिलिका. भट्टीत ती वितळून ढेकळं होतात आणि जाळी तुंबते. राइस मिलवाल्याला ही ढेकळं काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. त्यातून युरियाचा कारखाना हा लहान आकारात परवडणारा धंदा नव्हे. तरीही नऊशे एकर मागणाऱ्या पट्ट्यांपेक्षा ही वाट भंडाऱ्याच्या मातीची वाटते. उन्हाळी धानाची जी तणस जनावरं तोंडात धरत नाहीत आणि बांधीतच पेटवली जाते, तिच्यापासून कोणी सुरुवात केली तर बघायला मी जाईन.

यातलं बरंचसं मी मामाला नंतर सांगितलं. त्या रात्री मात्र मध्यंतरात एवढंच बोललो की पाणी निघतं ते खरं, आणि या चुंगडीत मोटार पाचशे किलोमीटर नेणारा हायड्रोजन होता. त्याने बुडाखालची चुंगडी जरा वर उचलून तिच्याकडे पाहिलं. मग मी जनरेटरचा हिशेबही सांगितला. धूर नाही, आवाज नाही, फक्त आठ-नऊ सिलिंडर. एकेक माणसाएवढं जड.

पहाटे चारला नाटक संपलं. नवरा परत आला होता. कोणीतरी जनरेटर बंद केला आणि एकदम इतकी शांतता झाली की बांधीपलीकडच्या रस्त्यावरून जाणारा ट्रक ऐकू आला. मामाने चुंगडी झटकली, चौघडी करून काखेत मारली आणि घराकडे चालताना अंधारातच विचारलं,

"अन् मंग थे आठ सिलिंडर गावात कोन आनीन? डिझेलच्याच ट्रकमंदी ना?"